पाण्याची सुई

मनगट कोणीतरी धरलं तेव्हा मनकर्णाला क्षणभर वाटलं, आपली नाडी पाहतंय कोणी. अकरा वर्षं ती दुसऱ्यांची मनगटं धरत आली होती. आपलं कोणी धरलं की तिला दुसरं काही सुचायचंच नाही. नांदुऱ्याचा आठवडी बाजार भरला होता, मिरच्यांच्या ढिगांवरून खकाणा उडत होता, आणि ती कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या धर्मादाय निधीच्या ऑफिसकडे निघाली होती. पिशवीत घडी घातलेला अर्ज होता. तिनं वळून पाहिलं. एक काटक, उन्हानं रापलेली बाई, कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर, पोरीच्या हातात अर्धी खाल्लेली शेवेची पुडी.

"ओयखलं नाही काय, सिस्टरबाई? मी तानुबाई. खर्चे डॉक्टरच्या दवाखान्यात बायंत झाली होती नाही का? ही पाहा, तुमच्या सुईची पोर." बाईनं पोरीला पुढं केलं. "पाया पड वं. या बाईनं सुई देल्ली म्हनून तू अन् मी हावो."

मनकर्णानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तानुबाईनं तो हडकलेला हात पाहिला, मग तोंडाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काय झालं जी? अर्ध्या झाल्या तुमी."

मनकर्णा म्हणाली, बरं नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. खाट मिळते, पण सोबत एक बाईमाणूस लागतं, दिवसरात्र, तीन-चार आठवडे, त्याशिवाय घेत नाहीत. आणि सोबत कोणी नाही. हे सगळं ती का बोलून गेली हे तिला कळलं नाही. बाजारात, मिरच्यांच्या ठसक्यात, जिला टाळण्यासाठी ती दोन वर्षं रस्त्याच्या कडेनं चालत होती तिलाच. तानुबाईनं विचारायला घेतलंच नाही की काय दुखणं आहे. म्हणाली, "कोनी नाही कसं? मी येते ना. तुमी बसल्या होत्या माह्यापाशी, मी बसते तुमच्यापाशी. कापूस निंगाला आता, काम नाही कायी. पुढच्या बाजाराले गठोडं घिऊनच येते." आणि ती गर्दीत गेलीसुद्धा. पोर खांद्यावरून मागं पाहत राहिली.

मनकर्णा तिच्यापाशी बसली होती, हे खरं होतं. वैशाखातली दुपार होती, दवाखान्याच्या पत्र्यांना हात लावला असता तर कातडी चिकटली असती. डॉक्टर जळगाव जामोदला एका केससाठी गेले होते आणि जाताना सांगून गेले होते, पहिलटकरीण आहे, घाबरली आहे, फारच झालं तर दुखणं थांबवायला पेथिडिनची सुई द्या. तानुबाई सकाळपासून ओरडत होती. तिच्या ओरडण्यानं बाहेर बसलेला तिचा नवरा उकंडराव उठून रस्त्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. मनकर्णानं कपाट उघडलं. डब्यात पेथिडिनचं एकच अँप्यूल होतं. अकोल्याहून माल सोमवारी यायचा होता, आणि वार होता शुक्रवार. ती त्या अँप्यूलकडे किती वेळ पाहत उभी होती हे तिला पुढं कधीच नीट आठवलं नाही. एवढंच आठवत होतं की मागच्या खोलीत, स्टोव्हजवळ, तिच्या स्वतःच्या मांडीत सुई गेली तेव्हा तानुबाईचं ओरडणं हळूहळू लांब गेलं, जसं कोणी ते उचलून दुसऱ्या गावाला नेलं. मग तिनं सिरिंज धुतली, उकळली, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि बाहेर आली. "आता दुखणार नाही बरं. दहा मिनिटांत पाहा तुम्ही." तिचा आवाज फार गोड झाला होता. औषध चढलं की तो तसा व्हायचा.

आणि तानुबाई गप्प झाली. मनकर्णाला सोडेना ते हे गप्प होणं. पुढचे चार तास बाई ओरडली नाही. मनकर्णाचा हात धरून ती पत्र्याकडे डोळे लावून पडली होती, दातांवर दात, कपाळावर घाम, आणि तोंडातून आवाज नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बायका मनकर्णानं शेकड्यांनी पाहिल्या होत्या, घरी जाऊन भाकरी खाताना त्या विसरता यायच्या. ही विसरता येईना. स्टेशनाजवळच्या भावाच्या क्वार्टरमध्ये दुपारी गाड्या थांबल्या की ते गप्प होणं यायचं आणि खोलीत बसायचं. कधी वाटायचं, कोण जाणे, विश्वासानं खरंच थांबलं असेल दुखणं, तसं होतं म्हणतात. आणि एक वेगळीच गोष्ट तिला टोचत राहायची. त्या दिवशी तानुबाईच्या सासूनं मनकर्णाच्या हातचा पेला घेतला नव्हता. तोंडानं काही बोलली नव्हती, नुसतं उकंडरावाला घरचा तांब्या देऊन विहिरीवर पाठवलं होतं. बुद्धाची दीक्षा घेऊन सात वर्षं होत आली होती, पण पेल्याच्या वेळी ती मोजत कोण होतं. आणि त्याच हाताचं पाणी आपण त्यांच्या सुनेच्या अंगात घातलं. कधीकधी तिला याचं हसू यायचं, आणि त्या हसण्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

सवयीची सुरुवात तिच्या मुतखड्यानं झाली होती. डॉक्टर खर्च्यांनीच दिली होती पहिली सुई, दुसरी, सहावी. खडा पडून गेला, आणि कपाटाची किल्ली तर तिच्याच कमरेला होती. तीन वर्षं कोणाला कळलं नाही. मग यंदाच्या दिवाळीनंतर एकदा ती ड्रेसिंगच्या टेबलापाशी कोसळली आणि डॉक्टरांच्या बायकोनं तिचं लुगडं सारखं करताना मांड्यांवरच्या सुयांच्या खुणा पाहिल्या. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं. "मी पोलिसात जाणार नाही," ते म्हणाले. "सवय लावून दिली ती मीच. किल्ली द्या. नागपूरला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांनी या दुखण्यासाठी सहा खाटा काढल्यात, त्यांना पत्र देतो. तोवर सकाळी एक, संध्याकाळी अर्धी, मी स्वतः देईन. एक महिना. पुढं नाही, मनकर्णाबाई. लायसन जाईल माझं." त्या महिन्यातले अकरा दिवस आता उरले होते.

धर्मादाय निधीच्या ऑफिसात बाकावर एक विणकर बसला होता, खोकला आला की पागोट्याचं टोक तोंडात कोंबत होता. अर्जाच्या माथ्यावर 'मुंबई राज्य' छापलेलं होतं, ते पेनानं खोडून वर 'महाराष्ट्र' लिहिलं होतं. नागपूरची खाट फुकट होती, पण औषधं बाहेरून आणायची होती, दोन माणसांचं खाणं होतं. चिटणीस उत्तमराव वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अर्ज वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. रोगाचे नाव. ती जागा कोरी होती.

"टी.बी. हाय का?"

"नाही."

"महारोग?"

"नाही जी. पेथिडिन. सुईची सवय लागली."

उत्तमरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "सवय म्हंजे, बाई, रोग नाही ना तो. सवयीले आपन मदत केली तं उद्या सारा दारूचा गुत्ता इथं येऊन बसन." मग तिच्याकडे पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "असं करा, टी.बी. लिहा. डॉक्टर खर्चे सही देतीन, मी पुढं सरकवतो. यंदा दोन जागा आहेत टी.बी.च्या."

बाकावरचा विणकर खोकला. मनकर्णानं पेन हातात घेतलं होतं. तीन वर्षं ती रजिस्टरात खोटंच लिहीत आली होती, पेथिडिन दिले, पेथिडिन दिले, अक्षर कधी हललं नव्हतं. एका ओळीनं काय बिघडणार होतं? संध्याकाळच्या अर्ध्या सुईची वेळ जवळ येत होती, जांभयांवर जांभया येत होत्या, नाक गळत होतं, आणि त्या अवस्थेत तिनं 'पेथिडिनचे व्यसन' असं लिहिलं, वेडंवाकडं, आणि अर्ज सरकवला. चार दिवसांनी उत्तर आलं. निधीच्या नियमांत बसत नाही.

भावाला तिनं सांगितलं तेव्हा तो जोडे काढत होता. माणिकराव रेल्वेत पॉइंट्समन होता, बोलणं कमी. "खरं काऊन लिहिलं वं?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी फंडातून उचल घेण्यासाठी त्यानं साहेबाला अर्ज दिला. सोबत जायचा प्रश्न राहिलाच. त्याच्या बायकोला, जनकाबाईला, सातवा महिना होता. "थे तानुबाई येते म्हनते ना," जनकाबाई म्हणाली, "मंग कायची काळजी? देवमाणूस आहे बाई." मनकर्णाला वाटत होतं, गप्प राहायचं, बस. तेवढंच करायचं. गाडीत बसायचं, खाटेवर पडायचं, तानुबाईनं हात धरायचा. बरं होऊन यायचं आणि मग सांगायचं, किंवा नाहीच सांगायचं. बाईचा एक समज आहे, चांगला समज आहे, त्याच्यावर ती दोन वर्षं उभी आहे, तो मोडून कोणाचं भलं होणार? सगळं पटण्यासारखं होतं. पण ते पटवून देणारा आवाज गोड होता, फार गोड, आणि तो कोणाचा आवाज आहे हे ती ओळखत होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी तानुबाई आली. गठोडं, त्यात दोन लुगडी, ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी. पोर बरोबर होती. हिला उद्या सासूपाशी ठेवीन, म्हणाली. मनकर्णा नुकतीच दवाखान्यातून सकाळची सुई घेऊन आली होती. डोकं स्वच्छ असायचे ते हेच दोन-तीन तास. जनकाबाई चहा ठेवायला आत गेली. मनकर्णा म्हणाली, "तानुबाई, ती सुई पाण्याची होती."

"कोनती?"

"तुम्हाला दिली ती. औषध एकच होतं. ते मी घेतलं. तुम्हाला नुसतं पाणी दिलं."

बाहेर मालगाडी जात होती. ती लांबलचक होती. तानुबाई जमिनीकडे पाहत होती. मनकर्णाला वाटलं तिला समजलंच नाही, पुन्हा सांगावं लागेल, आणि पुन्हा सांगायची ताकद नव्हती. मग तानुबाई बोलली, पण अशी, जशी स्वतःशीच हिशेब जुळवते आहे.

"मले दुखतच होतं. सुई देल्ल्यावरही तसंच दुखत होतं. पन तुमी म्हनल्या, आता दुखनार नाही. मंग मी कशी ओरडू? मले वाटलं, साऱ्या बायकाईले लागू पडते, मलेच काऊन नाही? माह्यातच काही खोट असन. दोन वर्सं मी कोनाले सांगतलं नाही. नवऱ्यालेही नाही. दुसरं लेकरू नोको म्हनत होती मी त्याच कारनानं." तिनं मान वर केली. "म्हंजे खोट माह्यात नव्हती."

"नाही. तुमच्यात नव्हती."

"मले वाटलं मी मरून राह्यली. अन् तुमी माहा हात धरून बसल्या होत्या. हसून राह्यल्या होत्या तुमी, सिस्टरबाई. मले अजून दिसते."

मनकर्णाला हसल्याचं आठवत नव्हतं. इतकी वर्षं ती दुपार पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली, त्यात पत्रे होते, घाम होता, सासूचा तांब्या होता. स्वतःचं तोंड त्यात कधीच नव्हतं. आता ते आलं. तानुबाई उठली, पोरीला काखेत घेतलं, गठोडं उचललं आणि चहा न घेता निघून गेली. जनकाबाई कपबशा घेऊन दारात उभी राहिली. "काय बोललीस तिले?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कप खाली ठेवून रडायला लागली.

तरी दुसऱ्या दिवशी माणिकरावानं तिला पॅसेंजरमध्ये बसवलं. त्याचा पास होता, आणि पुढं काय करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या पाया पडू, म्हणत होता, दवाखान्यातली एखादी आया पाहू. जलंब आलं. गाडी थांबली तेव्हा मनकर्णा डोळे मिटून बसली होती, कारण उघड्या डोळ्यांनी सगळं फार जवळ येत होतं. गठोडं पायाशी आदळलं म्हणून तिनं पाहिलं. तानुबाई समोर बसली होती; हे तिच्याच गावाचं स्टेशन होतं. खिडकीबाहेर उकंडराव उभा होता, त्याच्या खांद्यावर पोर किंचाळत होती, आणि तानुबाई तिकडे पाहत नव्हती.

"मी तुमच्यासाठी नाही आली," गाडी हलल्यावर ती म्हणाली. "मले पाहाचं आहे. ज्याच्यापायी तुमी मले तसं सोडलं, थे काय असते ते मले पाहाचं आहे."

नागपूरला त्या सहा खाटांच्या वॉर्डात तिनं पाहिलं. माणिकराव दाखल करून ड्युटीवर परत गेला. डॉक्टर तरुण होते, रोज थोडं थोडं औषध कमी करत गेले, आणि पाचव्या दिवशी बंद केलं. तानुबाई खाटेशेजारी फरशीवर बसायची, पाठ भिंतीला, आणि पाहायची. हात धरत नव्हती. ओकारी साफ करायची, लुगडी धुऊन आणायची, पेज पाजायची, आणि पुन्हा भिंतीला पाठ लावून बसायची. आता ती सिस्टरबाई म्हणत नव्हती, कोणतंच नाव घेत नव्हती. मनकर्णाचे पाय आपोआप झाडले जायचे, हाडांच्या आतून कोणी खरवडत होतं, अंगावर काटा असा यायचा की पांघरूण टोचायचं. सहाव्या दुपारी ती म्हणाली, त्या नर्सला सांगा, एक, फक्त एक, तिच्या कपाटात आहे, मला माहीत आहे कोणत्या खणात असतं. तानुबाई म्हणाली, "नाही." मनकर्णानं तिला शिव्या दिल्या, तिच्या पोरीला दिल्या, तिच्या सासूच्या तांब्याला दिल्या. तानुबाई ऐकत राहिली. तांब्याचं ऐकलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मान खाली घातली.

सातव्या दिवशी मनकर्णानं उशी तोंडात कोंबली. आजूबाजूला पाच बायका होत्या, आणि ती नर्स होती, अकरा वर्षं तिनं बायकांना सांगितलं होतं, आवाज करू नका. तानुबाई उठली. उशी तिनं ओढून काढली आणि पलीकडं फेकली.

"दाबू नोका. ओरडा. इथं कोनी तुमाले दुखनार नाही असं सांगतलं नाही."

मनकर्णा ओरडली. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या, नर्स धावत आली. ती ओरडत राहिली, आणि तानुबाई खाटेच्या कडेला उभी राहून तिच्या तोंडाकडे पाहत होती, लक्ष देऊन, जसं शेतकरी बाई आभाळाकडे पाहते. किती वेळ ते चाललं कोण जाणे. त्यानंतर पहिल्यांदा तिला तासभर झोप लागली.

चोवीस दिवसांनी सोडलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये दोघी समोरासमोर बसल्या होत्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. तुरीची शेतं कापून झाली होती, नुसती खुटं राहिली होती. अकोल्याला मनकर्णानं दोन केळी घेतली आणि एक पुढं केलं. तानुबाईनं तिच्या हातून घेतलं, सोललं, खाल्लं. त्यात काही नव्हतं आणि मनकर्णा ते पाहत राहिली.

"तानुबाई, मी..."

"काही बोलू नोका." शेगाव येईपर्यंत तानुबाई बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मले वाटलं होतं, तुमाले मजा आली असन त्या दिवशी. मजेसाठी सोडलं मले. आता पाह्यलं मी. दुखत होतं तुमाले. लय दुखत होतं. पन मलेही दुखत होतं."

"हो."

"दोन्ही खरं आहे, नाही का?"

जलंब आलं. उकंडराव प्लॅटफॉर्मवर होता. तानुबाईनं गठोडं काखेत मारलं आणि उतरली. पोरीनं आईकडे पाहिलं, ओळख लागायला वेळ लागला, मग तोंड फिरवून बापाच्या मानेत खुपसलं. तानुबाई हात पुढं करून तशीच उभी राहिली. तिनं गाडीकडे वळून पाहिलं नाही, आणि गाडी सुटली तेव्हाही पोर तिच्याकडे गेली नव्हती.

डब्यात चार-सहा माणसं होती. नांदुरा वीसेक मिनिटांवर होता. तिथं भाऊ असणार होता, पुढं कुठलं तरी काम पाहायचं होतं, डॉक्टर खर्च्यांनी कळवलं होतं की कपाटाजवळची नोकरी आता नाही, त्यांचं बरोबरच होतं. समोरची जागा रिकामी होती. चोवीस दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. आणि लगेच ते आलं. दुखणं नव्हतं ते. एक गोड आवाज होता, ओळखीचा, मोठा समजूतदार. मलकापूरच्या एका औषधवाल्याचं नाव त्यानं घेतलं. एकदाच, म्हणाला. आता तर तू बरी झालीस.

मनकर्णा उठली. गाडीच्या हेलकाव्यात बाकांना धरत ती डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथं एक म्हातारी बाई टोपलीवर पाय ठेवून बसली होती. मनकर्णा तिच्या अगदी समोर बसली.

"बाई, नांदुरा येईपर्यंत माझ्याशी बोलता का?"

म्हातारीनं तिला खालून वर पाहिलं. "काय बोलू बापा?"

"काही पण. थांबू नका फक्त."

म्हातारीला नवल वाटलं नाही. तिनं पदर सारखा केला, टोपली पायांनी आत सरकवली आणि सांगायला लागली की तिची सून संग्रामपूरची आहे, रंगानं उजळ आहे पण हाताला उरक नाही, अन् भाकर अशी जाड करते का गाईच्या तोंडातही बसू नये. मनकर्णा तिच्या ओठांकडे पाहत होती, एकेक शब्द पकडत होती, आणि मधे म्हातारी श्वास घ्यायला थांबली की म्हणत होती, "मग? मग काय झालं?"